उजव्या खिशातले अकरा खडे

"नऊ," मुंगी म्हणाली आणि थांबली. "पेटी इथेच हवी."

पण तिथे होती फक्त मेंढवाड्याची पडकी भिंत, दंवाने पांढरं पडलेलं गवत आणि धुकं. हिवाळी भटकंतीच्या स्पर्धेचा तो पहिला दिवस. नकाशा आणि होकायंत्र यांच्या भरवशावर रानातल्या पेट्या शोधायच्या, पेटीतल्या चिमट्याने कार्डाला भोक पाडायचं आणि पुढच्या पेटीची दिशा धरायची, असा खेळ. तिघांच्या या संघात होकायंत्र कप्तानाकडे होतं आणि पावलं मोजणं त्याच्या आतेबहिणीकडे, म्हणजे मुंगीकडे. शंभर पावलं झाली की ती एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायची. तिसरा भोपू, त्याच्याकडे डबे होते आणि आवाज होता.

"मनात गाणं म्हणत असशील," कप्तान म्हणाला.

"नाही रे दादा. आकडेच म्हणत होते."

आणखी दोन खडे चालल्यावर दुसरा मेंढवाडा लागला आणि त्याच्या भिंतीशी लाल पेटी दिसली. भोपूने आनंदाने डबा वाजवला. कप्तानाला मात्र आनंद झाला नाही. नकाशावर नऊशे पावलं आणि प्रत्यक्षात अकराशे. एक तर मुंगीचं मोजणं चुकलं होतं, नाहीतर त्याची दिशा. दुसरी शक्यता त्याला मनातसुद्धा सोसवेना.

"दादा, धर जरा," म्हणून मुंगीने जाकीट त्याच्या हातात दिलं आणि ती बुटाची नाडी बांधायला वाकली. त्याची बोटं तिच्या उजव्या खिशात शिरली. दोन खडे त्याने डाव्या खिशात सोडले. इतकं सोपं होतं ते.

"भांडायचं कशाला? खडेच मोज," तो म्हणाला.

मुंगीने मोजले. पुन्हा मोजले. "नऊच आहेत," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तिथे सातच झाले होते आणि मी नऊ म्हटलं. चुकले मी."

कप्तानाने नोंदवहीत नऊशे लिहिलं. पुढच्या वाटेवर मुंगी ओठ हलवत, एकेक पाऊल पारखून टाकत होती, आणि ते पाहताना त्याचे कान जळत होते, थंडीने नव्हे.

तिथून सरळ दक्षिणेला पूल यायला हवा होता, आली दलदल. भोपूने घातलेल्या हाकेला उजवीकडून, पुलावरून ओ आली म्हणून ते कसेबसे ठिकाणाला लागले.

पुलाजवळच्या गोदामात शेगडी पेटली होती. परीक्षक बाई नकाशावर ओणव्या झाल्या होत्या. निळ्या टोप्यांचा संघ यांच्याआधी तासभर निघाला होता आणि अजून पोचला नव्हता. त्यात दहा वर्षांची दोन मुलं होती.

"पेटी नीट लावली होतीत ना?" बाईंनी पेट्या लावून आलेल्या गाडीवाल्या काकांना विचारलं.

"ठोकून लावली," काका कपातून तोंड न काढता म्हणाले. "मेंढवाड्याच्या भिंतीशी. या पोरांची वहीच बघा की."

बाईंनी वही पाहिली. "नऊशे. नकाशाशी जुळतंय, म्हणजे पेटीपासूनची वाट दलदलीकडे जात नाही. मग पोरं टेकडीकडेच भरकटली असणार. माणसं तिकडे पाठवते."

मुंगी खाली मान घालून बसली होती. कप्तान उभा राहिला. बोलल्याशिवाय राहता येईना.

"बाई, नऊशे नव्हती. अकराशे होती. हिच्या खिशातले दोन खडे मी हलवले. हिचं मोजणं बरोबर होतं."

मुंगीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने खिशातले खडे काढून नकाशावर एका ओळीत मांडले आणि नवव्यावर बोट ठेवलं. "इथे पडका मेंढवाडा आहे. पेटी अकराव्यापाशी होती. तिथून दक्षिणेला गेलं की पूल लागत नाही, दलदल लागते."

बाई काकांकडे वळल्या.

"त्या पडक्या वाड्याकडे गाडी जात नव्हती," काका पुटपुटले. "मेंढवाडा तो मेंढवाडाच, म्हटलं."

"गाडी जात नव्हती, पण पाय जात होते ना?"

माणसं दलदलीकडे धावली. अर्ध्या तासात पलीकडच्या काठावरच्या झुडपात निळ्या टोप्या सापडल्या. एक जण गुडघ्यापर्यंत भिजून कुडकुडत होता, पण तिघंही धड होती. बाईंनी मुंगीच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या पावलांनी वाचवलं त्यांना." मग कप्तानाला म्हणाल्या, "आणि तू वेळेवर बोललास. शाबास."

ती शाबासकी त्याला चिमट्यासारखी टोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मुंगीने सवयीने जाकीट काढून कप्तानाकडे हात पुढे केला, क्षणभर थांबली आणि ते भोपूकडे दिलं. नाडी बांधली, जाकीट परत घेतलं.

"दादा," ती म्हणाली, "दर शंभराला मला विचारायचं, किती झाले. मोठ्याने."

धुक्यात तिघं चालू लागले. थोड्या वेळाने कप्तानाने विचारलं, "किती?"

"एक."

त्याने वहीत एक लिहिलं.