उणे ऐंशीपर्यंतची चढण

शीतकपाट सुरू होईना, कारण ते आधीच फार थंड होतं.

हेमांगी रणपिसे ही गोष्ट पुण्याच्या भूकेंद्राला तिसऱ्यांदा सांगत होती. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या विवरात सूर्यकिरण कधीच पोचत नसत. तिथे चांद्रपोशाख घालून ती दोन तास उभी होती. समोर धातूच्या चार पायांवर माणसाच्या उंचीचं पांढरं कपाट होतं आणि त्याच्या दारावरच्या पडद्यावर एकच ओळ लुकलुकत होती : 'शीतन अपूर्ण. कृपया प्रतीक्षा करा.'

"कलम चौदा बघा," भूकेंद्राच्या साधन-मान्यता विभागाचे पोतनीस साहेब शांतपणे म्हणाले. "कपाट खोलीच्या तापमानावरून उणे ऐंशीपर्यंत उतरलं पाहिजे आणि तिथे सहा तास स्थिर राहिलं पाहिजे. त्याशिवाय कपाटातला नियंत्रक दार उघडणार नाही."

"साहेब, उतरणार कुठून? इथे बाहेर उणे दोनशे वीस आहे. कपाटाला उणे ऐंशीपर्यंत चढायचंय!"

आवाज पृथ्वीवर जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागत. पोतनिसांनी त्यावर आणखी चार घेतले.

"शीतकपाट चढत नसतं, रणपिसे."

हेमांगीने डोळे मिटले. ती या स्थानकाची शीतन अभियंता होती, आणि हे वाक्य आपल्याला निवृत्त होईपर्यंत छळणार हे तिला कळून चुकलं.

स्थानकातल्या जुन्या शीतकपाटाचा पंप आदल्या दिवशी बंद पडला होता. सहा माणसांच्या आठ महिन्यांच्या रक्ताच्या चारशे बारा नळ्या आता एका साध्या शीतपेटीत होत्या. ती पेटी आणखी तीस तास टिकली असती. चंद्रावरच्या किरणोत्साराने माणसाच्या मज्जेचं काय होतं, ते त्या नळ्या सांगणार होत्या. दर आठवड्याला सुया टोचून घेऊन सगळ्यांचे दंड निळे पडले होते.

"अगं, मग नळ्या तशाच विवरात ठेवू या की," स्थानकातून डॉक्टर नवगावकरांनी विचारलं. सॅम्युअल नवगावकर मूळचे रेवदंड्याचे, पन्नाशीचे. ते कधी चिडत नसत, आणि आज हेमांगीला त्याचाही राग येत होता. "जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं, नाही का?"

"नाही डॉक्टर. या थंडीत नळ्यांचं प्लास्टिक काचेसारखं तडकेल. झाकणं आक्रसून सैल होतील. बाहेर हवा नाही, म्हणजे रक्तातला बर्फ हळूहळू उडून जाईल आणि तुम्हाला तपकिरी भुकटी मिळेल."

"म्हणजे या कपाटाचं काम गार करायचं नाहीच."

"गरम ठेवायचं आहे. भिंतींत निर्वात अस्तर आणि आत तापक. थर्मासमध्ये ठेवलेली शेगडी आहे ही. फक्त ती शीतकपाट म्हणून मागवली, म्हणून तिला शीतकपाटाचे नियम लागतात!"

शेवटी तिने उरलेला एकच मार्ग धरला. दोन जादा तापक लावून कपाट अधिक वीसपर्यंत तापवलं, म्हणजे नियंत्रकाला खोलीचं तापमान मिळालं. मग ते हळूहळू उतरू दिलं. उणे ऐंशीला आल्यावर ते सहा तास स्थिर राहिलं, हिरवा दिवा लागला आणि दार उघडलं. शीतपेटीची मुदत संपायला तास उरला असताना शेवटची नळी आत गेली.

"पाहिलंत?" पोतनीस म्हणाले. "नियमाने केलं की होतं."

हेमांगीने ध्वनिसंपर्क बंद केला आणि मग जे बोलायचं ते बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोतनिसांचाच संदेश आला, पण आवाज ओळखू येईना. सव्वीस वर्षं मान्यतेचे कागद तपासणारा तो माणूस गहिवरला होता. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या बाष्पशोधकाला स्थानकाजवळच्या त्याच विवरातून पाण्याची वाफ वर येताना दिसली होती. चंद्रावर पाण्याचा जिवंत उगम! पत्रकारांना बोलावलं होतं.

"आणि आदेश आहे," ते म्हणाले. "उगमापासून पाचशे मीटरच्या आत कुठलंही उष्ण साधन नको. तुमचं शीतकपाट चालू राहू द्या, त्याला हरकत नाही."

हेमांगीने वाफेचा आलेख उघडला. वाफ सुरू झाली ती वेळ तिने दोनदा वाचली. तापक लावल्यानंतर चार तासांनी.

"साहेब, ती वाफ आमच्या कपाटाखालून येतेय. आतली उष्णता पायांतून जमिनीत उतरते. चांद्रमाती उष्णता पुढे नेत नाही, ती तिथेच साठते. मातीत बर्फ आहे, आणि हवा नसल्यामुळे त्याचं पाणी न होता सरळ वाफ होते."

"शीतकपाटाने बर्फ वितळतो, असं मी मंत्र्यांना सांगू?"

तिने वाद घातला नाही. ती डॉक्टरांना घेऊन बाहेर पडली. कपाट एका बाजूला कललं होतं. पुढचा डावा पाय चार बोटं खचला होता, आणि भोवतालच्या काळ्या मातीवर परतून गोठलेल्या वाफेची पांढरी साय धरली होती. दोघांनी तीन पायांचं तिकाटणं उभारून कपाट तंतूंच्या पट्ट्यांनी अधांतरी टांगलं. चंद्रावर त्याचं वजन सहावा हिस्सा, त्यामुळे तासाभरात काम झालं. पट्ट्यांतून उष्णता जवळजवळ उतरत नव्हती. नळ्या सुरक्षित होत्या.

डॉक्टर कपाटाच्या पायाखालच्या खळग्याकडे बघत राहिले. "किती बर्फ गेला असेल?"

"बादलीभर."

"आणि होता किती वर्षं?"

"दोनशे कोटी, निदान." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. पृथ्वीवर जीव पेशीपेशीने रांगत होता तेव्हा जमलेला तो बर्फ. त्याच्या थरांत काय लिहिलेलं होतं, ते वाचायलाच तर हे स्थानक उभं केलं होतं.

सकाळी पोतनिसांचा आवाज चिरका झाला होता. "उगम आटला! काय केलंत तुम्ही?"

"कपाट उचललं."

उत्तर आलं तेव्हा पोतनिसांच्या आवाजातला चिरकेपणा गेला होता. त्यांना पटलं होतं, हे तिला त्यावरून कळलं.

"रणपिसे," ते हळूच म्हणाले, "परवा थेट प्रक्षेपण आहे. सगळा देश बघणार आहे. ते कपाट परत खाली ठेवता येईल?"

"तिथे आता बर्फ उरलेला नाही, साहेब."

"मग थोडं बाजूला ठेवा ना."

हेमांगीने खिडकीतून विवराच्या काळोखाकडे पाहिलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ते सगळं तिने गेल्या तीन दिवसांत सांगून पाहिलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

आठ महिन्यांत भूकेंद्राला तिने दिलेलं ते सर्वांत छोटं उत्तर होतं. पोचायला त्यालाही सव्वा सेकंदच लागला.