भरताची राख आणि आकाशी फियाट

गाडी बघायला आलेला माणूस गाडीकडे बघतच नव्हता, म्हणून तर हे सगळं घडलं. मी ओट्यावर केस वाळवत बसले होते. तो स्कूटर घेऊन फाटकातून आत आला, त्यानं वर पाहिलं, मी खाली पाहिलं आणि… खर्रर्र! स्कूटरच्या ब्रेकचा दांडा आमच्या आकाशी फियाटच्या दारावरून चांगला हातभर ओढत गेला.

"व माय!" मी ताडकन उठले. "डोळे कुठे होते तुमचे?"

"कोंबडी आडवी आली."

"आमच्याकडे कोंबड्या नाहीत!"

त्याचे कान लालबुंद झाले. मला हा माणूस मुळीच आवडला नाही, हे इथंच सांगून ठेवते. एक तर तो आमची गाडी न्यायला आलेला, त्यात हा पराक्रम!

आवाज ऐकून नाना भिंतीला हात लावत बाहेर आले. काचबिंदूनं माझ्या वडिलांची नजर बरीच नेली होती. गाडीसाठी त्यांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, आणि आता चालवायला डोळेच उरले नव्हते. मी कितीदा म्हटलं, "नाना, मी शिकते ना चालवायला." ते म्हणत, "पोरीच्या जातीनं गाडी चालवायची? सावद्यात लोक हसतील मले." म्हणून एकोणनव्वदच्या त्या दिवाळीनंतर त्यांनी गाडी विकायची ठरवली. ठरवलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं.

नानांचा तळवा गाडीवरून फिरत दारापाशी आला आणि ओरखड्यावर थांबला.

"मन्ही चूक शे, नाना," घाबरून तो आपल्या घरच्या बोलीत घसरला. "मी बठ्ठं नीट करी देसू."

"कुठचा रे तू?"

"साक्रीचा. हेमराज पाटील. दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनीयर आहे."

"मग ऐक. डाग पडलेली वस्तू मी घरातून देत नसतो. अन् माही गाडी गॅरेजातही जाणार नाही. इथं, या अंगणात नीट कर. हाताले लागला नाही पाहिजे. मग खुशाल घेऊन जा."

म्हणजे ओरखडा गेला की गाडी गेली! मी मनात म्हटलं, जाऊ देते की काय मी ओरखडा?

पुढच्या रविवारी हेमराज पॉलिश पेपर, पुट्टी, थिनर, रंगाच्या डब्या असं गाठोडं घेऊन हजर झाला. बाह्या दुमडून तो पाण्यात भिजवलेला कागद दारावर घासू लागला. मी नानांच्या वतीनं देखरेखीला बसले.

"हळू घासा. भांडी नाहीत ती."

"तुम्ही घासता का?"

"मी भांडीसुद्धा घासत नाही."

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते… पडो बापडी, मला काय!

दुपारी त्यानं रंग कालवला. डासांचं औषध मारायच्या पंपात तो भरून दारावर फवारला. पहिला हात इतका सुंदर बसला की गाडी आता गेलीच म्हणायची. मी गुपचूप मागे गेले, वांगी काढली आणि अंगणाच्या नेमक्या त्या कोपऱ्यात पऱ्हाट्या पेटवल्या, जिथून वारा सरळ गाडीकडे जात होता. कापसाच्या काड्या तडतडल्या, वांगी भाजली गेली आणि पांढरी राख अलगद उडून ओल्या रंगावर जाऊन बसली.

हेमराज दाराकडे पाहत राहिला. मग चुलीकडे. मग माझ्याकडे.

"आज भरीत?"

"हो. थंडीत आमच्याकडे भरीतच असतं."

"वारा कुठून वाहतोय, बघितलं नव्हतं?"

"मी काय हवामान खातं आहे?"

त्यानं मुकाट्यानं रंग खरवडून काढला. आईनं आग्रह करून त्याला जेवायला बसवलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, दोन भाकऱ्या भरतासोबत खाऊन तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "राख मात्र झकास उडाली… म्हणजे, वांगी झकास भाजली."

आता, गाडी उभी राहिली तर बॅटरी बसेल, म्हणून नानांनी त्यालाच सांगितलं, आलास की एक चक्कर मारून आण. गाडीवर नजर ठेवायला मी बाजूला बसायची. केळीच्या बागांमधून रस्ता जायचा. वळण घेतलं की घर दिसेनासं व्हायचं.

"शिकायचंय?" त्यानं एकदम विचारलं.

"कोण म्हणालं?"

"माझ्या पायाकडे बघताय मघापासून. क्लच दाबला की तुमचाही पाय दाबला जातो."

मी खाली उतरले आणि त्याच्या बाजूनं आत शिरले. गिअर स्टिअरिंगलाच लावलेला. तो काही केल्या पडेना. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला, हलकेच खाली ओढला… गिअर पडला. हात मात्र तिथंच राहिला. गाडी चालली होती, मी चालवत होते, दोन्ही बाजूंनी केळीची पानं सळसळत होती, आणि मला रस्ता सोडून सगळं कळत होतं.

"समोर बघा," तो म्हणाला.

"तुम्ही पण."

तेव्हापासून दर चकरेत वळणापुढे गाडी मीच चालवायची. दुसऱ्या रविवारी मी पुन्हा भरीत केलं. राख पुन्हा उडाली. तिसऱ्या रविवारी मात्र मला स्वतःचीच लाज वाटली. एवढा शिकलेला माणूस, सुट्टीच्या दिवशी गुडघ्यावर बसून हात सोलून घेतो आणि मी त्याच्यावर राख उडवते! मी चूल पेटवलीच नाही. तो आला, रंग कालवला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"आज भरीत नाही?"

"वांगी संपली."

तो स्कूटरपाशी गेला. डिकी उघडून त्यानं पिशवी आणली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. हिरवी, गोल, काटेरी देठाची भरताची वांगी!

"भुसावळच्या बाजारातनं घेतली," जमिनीकडे बघत तो म्हणाला. "पेटवा लवकर… रंग वाळून जाईल."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मला रडू येईल की हसू, ते कळेना. शेवटी हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. तोही हसत सुटला. ओट्यावर नाना मान तिरकी करून ऐकत होते.

असंच चाललं असतं तर मी आयुष्यभर वांगी भाजली असती. पण पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"बदली झाली. साक्रीच्या उपकेंद्रात. आठवड्यात हजर व्हायचंय."

"मग?"

"मग आज रंग पुरा करायला हवा."

त्या दिवशी चूल पेटली नाही. त्यानं रंग फवारला, उन्हात वाळू दिला, कंपाउंडनं घासून चकाकवला. मी समोर बसून होते. आज गाडी जाणार, हा जाणार, आणि मी आपली ओट्यावर केस वाळवत बसणार!

संध्याकाळी नानांनी दारावरून तळवा फिरवला. एकदा, दोनदा. "लागत नाही," ते म्हणाले. "चावी घे, पोरा. शब्द म्हणजे शब्द."

हेमराजनं हात पुढे केलाच नाही. मीच चावी घेतली.

"नाना, बसा गाडीत."

"कोण चालवणार?"

"बसा तर."

मी नानांना बाजूला बसवलं आणि गाडी काढली. केळीबागांतून, वळणावरून थेट आमच्या शेतापर्यंत. नाना दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. परत फिरताना म्हणाले, "तिसरा टाकताना घाई करतेस." आणि डोळे पुसले.

अंगणात उतरल्यावर ते हेमराजला म्हणाले, "गाडी विकत नाही मी. रागावू नको. तुही मेहनत फुकट गेली."

"फुकट नाही गेली, नाना," तो म्हणाला. मग स्कूटर घेऊन फाटकाकडे निघाला. मी मागोमाग धावले.

"आता कशाला याल तुम्ही? ओरखडाही नाही, विकायची गाडीही नाही."

तो थांबला. नीट मराठीत बोलायचा त्यानं खूप प्रयत्न केला, पण घाबरला की त्याची बोली सुटतेच. "तू… तू माले भू आवडस."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, तरी म्हटलं. "मलाही. केव्हापासूनचं विचारू नका, सांगणार नाही."

मग मी वळले. आत्ता नाही तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"नाना, मुलाचं घर बघायला मुलीचा बाप जातो ना?"

आई दारातच थबकली. "अवं, साक्रीचे पाटील वेगळे, आपण वेगळे! अन् ते जिल्ह्याच्या पार पलीकडे. कोण जाईल तिथवर?"

"मी नेते. नाना बाजूला बसतील, तू मागे."

नानांनी फियाटच्या दारावरून पुन्हा एकदा तळवा फिरवला. हेमराज स्कूटरचं हँडल धरून जागच्या जागी उभा.

"जोसना," नाना म्हणाले, "रविवारी पहाटे निघू. टाकी भरून ठेव."