प्रथिनावरचं पहिलं अक्षर

"माझ्याकडं बघू नका मॅडम, तुमचे पन डोळे येतील!"

मुरबाडच्या एसटी स्टँडामागे पाट्या रंगवणाऱ्या मुकेशने काळा चष्मा सावरत बजावलं, आणि संघरत्नाला हसूच फुटलं. दोन हजार तीनचा श्रावण. अर्ध्या तालुक्याचे डोळे आले होते. ती शहापूरहून रोज इथल्या कॉलेजात शिकवायला यायची, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी तिला नेमका डोळे आणणाऱ्या विषाणूचाच तक्ता हवा होता.

"बघून नाही येत, हाताने पसरतं ते," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यात बसला असेल ना, त्या ॲडिनोव्हायरसचंच चित्र काढायचंय."

"म्हंजे घरचंच काम की!"

तक्ता दोन दिवसांचा. पण काम लांबत गेलं; मुकेशचे प्रश्न काही संपेनात, आणि ते संपू नयेत असं तिलाही वाटू लागलं. डोळे बरे झाले, चष्मा गेला... आणि मग तर पंचाईतच झाली. असे हसरे डोळे समोर असताना विषाणू समजावायचा तरी कसा?

"बघा," ती तक्त्यावर बोट ठेवून सांगायची, "डीएनए म्हणजे अक्षरांचा लांब धागा. त्याची नक्कल करणारं हे प्रथिन मोठं हुशार. पण त्याला आपली आपण सुरुवात करता येत नाही. पहिलं अक्षर कशावर तरी ठेवावं लागतं. मग हे दुसरं प्रथिन पुढे होतं— माझ्यावर ठेव, म्हणतं. ते अक्षर त्याच्या अंगाला जोडलं जातं, आणि नक्कल सुरू!"

"भारी मायाळू हाय हो तुमचा विषाणू," तो म्हणायचा— बघायचा मात्र तिच्याकडे.

अशातच तिला पुण्याला संशोधनासाठी जागा मिळाली. सोमवारी निघायचं होतं. मुकेश नुसतं "बरं झालं" म्हणाला आणि ब्रश धुवत बसला. ती घरी जाऊन धड जेवलीसुद्धा नाही. एवढ्या प्रश्नांच्या माणसाला आज एकही प्रश्न सुचू नये?

शनिवारी तक्ता तयार होता. सुंदरच झाला होता, पण दोन्ही प्रथिनं अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत एकमेकांना बिलगून निघाली होती.

"हे चुकलं," ती म्हणाली. "चार अक्षरं झाली की दोन्ही प्रथिनं सुटी होतात. नक्कल करणारं पुढे जातं, दुसरं सुरुवातीलाच राहतं."

"ठावं हाय. तुमीच सांगितलंत ना."

"मग?"

"सुटं काढायला हात नाय धजला."

त्याने चिंधी घेतली आणि ओला रंग हळूच पुसला.

"म्हंजे ते तिथंच? एकटं?"

"एकटं नाही रे... पुढे कितीही लांब धागा झाला, तरी पहिलं टोक त्यालाच जोडलेलं असतं." तिने तक्त्यावरून नजर उचलली. "मुकेश, जाऊ नको म्हण की एकदा!"

"ते नाय म्हननार. तू जायलाच पायजेस." तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला. "पन मला तू लय आवडतेस, संघरत्ना."

"मग इतके दिवस गप्प का बसलास?"

"सुरुवात कुटून करायची तेच कळना."

बाहेर शहापूरची गाडी लागली होती. पुण्याची जागा ती सोडणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने डोळे पुसले, रंगाने बरबटलेलं स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसली.

"कर आता," ती म्हणाली. "ऐकतेय."