रोहूचा खरखरीत पर

गोल बाजारात मी प्लास्टिकचा टब घेत होते. दुकानदाराला विचारलं, "यात मासे राहतील ना?" तर शेजारी जाळ्याचा दोर बघत उभा असलेला एक जण खुदकन हसला.

"भैया, हसायला काय झालं?"

"काही नाही मॅडम. यात रोहू नाही राहत, पोट्टं आंघोळ करते." मग जरा थांबून, "आन् भैया नका म्हणू. मारोती म्हणा."

रायपुरात रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळेच भैया. यालाच काहून नको...? टब मात्र मी खाली ठेवला.

मारोतीचे आजोबा भंडाऱ्याहून इकडे आलेले ढीवर. मच्छीमार सोसायटीत मत्स्यबीजासाठी नर-मादी निवडायचं काम त्याचं. मला नेमका असाच माणूस हवा होता. शहराच्या सांडपाण्यातली साबण, औषधं, प्लास्टिकची रसायनं माशांच्या हार्मोन्सशी काय खेळ करतात, कुठल्या जातीला जास्त बाधतात, हे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शोधत होते.

श्रावण चालू होता. तळ्याच्या पायरीवर तो म्हणाला, "निधी मॅडम, डोळे मिटा." आणि माझा अंगठा एका रोहूच्या छातीच्या परावर ठेवला.

"खरखरीत?"

"हो..."

"नर. आन् हा?"

"मऊ."

"मादी. माझ्या भीमाआत्यानं शिकवलं." तो गुणगुणला —

नराचा गं पर, जसा धानाचा तूस,
मादीचा गं पर, जसा नवा कापूस.

माझ्या अंगठ्यावर त्याचा अंगठा होता. मासा केव्हाच पाण्यात निसटला होता... दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

"समजलं का मॅडम?"

"अजून एकदा दाखवा ना, भैया."

"पुन्हा भैया! मंग नाही दाखवत."

पण दाखवलंच.

पुढे, शहराचा नाला जिथं मिळतो त्या तळ्यातले बारा रोहू त्यानं मला माद्या म्हणून दिले. चिरले, तर त्यांतले सात नर निघाले. मी अहवालात लिहिलं — निवडीत चूक. अहवाल सोसायटीत गेला. अध्यक्ष अच्युतकाकांनी मारोतीला निवडीवरून काढलं नि फाटकी जाळी शिवायला बसवलं.

मी भेटायला गेले, तर त्यानं मान वर केली नाही.

"मॅडमले तूस-कापूस समजते आता. माझं काय काम?"

सुई जाळ्यातून जात-येत राहिली. मी परत फिरले.

काहीतरी खटकत होतं. मी नोंदी पुन्हा काढल्या. गावाबाहेरच्या स्वच्छ तळ्यातले त्याचे रोहू सगळे बरोबर. नाल्याच्याच तळ्यातले मांगूर मासेसुद्धा एकूणएक बरोबर. मग त्या सात नरांचे वृषण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले — आत अंड्यांचे बारीक दाणे! पाण्यानं नरांचं नरपण विरघळवलं होतं. परावरचा तूस झडला होता. मांगुराला ते पाणी तितकं बाधलं नाही, रोहूला बाधलं. मारोतीच्या अंगठ्याला जे लागलं, तेच त्यानं सांगितलं होतं.

सोसायटीत सगळ्यांना ऐकू जाईल असं मी नव्या अहवालातून वाचलं, "चूक मारोतीची नाही. माझी."

अच्युतकाका चष्मा पुसत राहिले. "हव... म्हणजे पाणीच खोटं बोलून राहिलं. उद्यापासून पोट्ट्याले परत निवडीवर बसवतो."

मारोती बाहेर तळ्याच्या पायरीवर बसला होता. मी एक पायरी सोडून बसले.

"ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग बोलत काहून नाही?"

"काय बोलू? महिना झाला, मासा हाती घेतला का भेव वाटते. माझ्याच अंगठ्यावर मले भरोसा नाही राहिला."

मी तळहात पुढे केला. "मग हा ओळखा."

त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं. हात शर्टाला पुसला. मग अंगठा माझ्या तळव्यावरून सावकाश फिरवला...

"खरखरीत आहे."

"महिनाभर तुमचेच मासे चिरून राहिली होती."

"मंग नर म्हणू का मादी?" महिन्याभरानं त्याचे डोळे हसले.

"मला काय विचारता? अंगठ्याला विचारा."

तळ्यावर बारीक सर आली. अंगठा तिथंच थांबला होता.

"माझं माणूस," तो इतक्या हळू म्हणाला, की सरीत विरून जावं. "...चुकलो का?"

"नाही चुकलास, मारोती."