पाठमोरा क्लेटन

"थांबवा! अहो, गाडी उलटी चाललीय!"

नोरीनने समोर दिसेल त्या माणसाची बाही घट्ट धरली. गाडीतल्या पाहुण्यांची सरबराई करायची नोकरी, आणि तिचा पहिलाच दिवस. शेवटच्या डब्यातल्या गोल काचेच्या बैठकीत ती कॉफी देत होती... तेवढ्यात सेंट लुईसचं स्टेशन मागे पडलं आणि गाडी थांबून चक्क मागे निघाली.

"ठाऊक आहे," तो माणूस वळूनही न बघता म्हणाला. "मीच नेतोय."

तो क्लेटन, शेपटाकडचा ब्रेकवाला. या स्टेशनात गाड्या पाठीने शिरायच्या आणि निघताना नाकासमोर निघायच्या. इंजिनवाल्याला मागचं काय दिसणार? म्हणून क्लेटन काचेशी उभा राहून रूळ बघायचा, एक हात ब्रेकवर, दुसरा छोट्या शिट्टीवर.

"म्हणजे एरवी इथून सगळं मागे पळताना दिसतं... आणि आता समोरून येताना?"

"हो. बाही सोडलीत तर मलाही दिसेल."

नोरीनच्या चौकशा संपता संपेनात. शिट्टी एवढीशी का? रुळावर कुत्रं आलं तर? तो सगळं सांगायचा, पण पाठमोरा. गाडी मागे जाताना रुळावरून नजर हलवायची नाही, असा नियमच होता. एरवी तिने समोर जाऊन बोलावं, तर हे महाशय लाजून दिवे तपासायला पळायचे! उन्हाळा असाच सरला. एक टोपी आणि दोन कान, एवढ्यावरच नोरीन जीव लावून बसली.

ऑक्टोबरात हुकूम आला. काचेचा डबा उद्यापासून गाडीला लागणार नाही, क्लेटन मालगाडीवर जाणार. नोरीनला शिकागोच्या एका हॉटेलात काम मिळत होतं, संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं. आता उरलं होतं ते हे शेवटचं मागे जाणं.

काचेवर भुरभुर पाऊस होता. गाडी मागे निघाली.

"आज काही विचारणार नाहीस?" तो म्हणाला.

"एकच. मी गेले तर... तुला काही वाटेल?"

कान लालबुंद झाले. नजर मात्र रुळांवरच. स्टेशनचं छप्पर जवळ येऊ लागलं.

"क्लेटन, फलाट आला."

"दिसतोय."

"मग बोल ना रे!"

गाडी गचकन थांबली. कपबशा खणखणल्या, कुणाची तरी हॅट उडाली. म्हातारे कंडक्टर हॅल्व्हर्सन धापा टाकत आले. "काय आडवं आलं? गाय?"

"नाही, सर." क्लेटन वळला. टोपी हातात, चेहरा समोर. "मला हिच्याकडे बघायचं होतं. चालत्या गाडीत परवानगी नाही." मग तो तिला म्हणाला, "जाऊ नकोस, नोरीन. मला वाटेल. फार वाटेल."

ती नुसती बघतच राहिली. किती घाबरलेले डोळे होते त्याचे, आणि किती प्रेमळ!

"अगं, काय ते सांगून टाक!" हॅल्व्हर्सन कावले. "सगळी गाडी खोळंबलीय!"

"नाही जात," नोरीन म्हणाली. "आता वळ तिकडे, आणि आम्हाला आत ने."

तो वळला, शिट्टी वाजली, गाडी हलली. नोरीनने हळूच त्याची बाही धरली. या वेळी त्याने ती सोडायला सांगितलं नाही.