आपोआप भरणारी बंदूक

मला टोकावरची माझी जागा राखायची होती, बाकी सगळं नंतर!

तीस वसंत मी कॅनडातल्या जेम्स बे या उपसागराच्या त्या टोकावर बर्फाच्या भिंतीआड बसून रानहंस मारलेत. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटीने. पण गेल्या हिवाळ्यात स्नोमोबाइलवरून पडले आणि डावा खांदा कामातून गेला. माझ्या जुन्या बंदुकीला प्रत्येक बारानंतर पुढची मूठ डाव्या हाताने मागेपुढे ओढावी लागते, तेव्हा कुठे दुसरं काडतूस चढतं. आणि हा हात तर चहाची किटली उचलतानाही कुरकुरतो.

माझा धाकटा भाऊ सिंक्लेअर आमच्या खाडीचा शिकारप्रमुख. कुणी, कधी, कुठून बार काढायचा हे तोच ठरवतो. तो म्हणाला, "ताई, यंदा तळावर बस. पिसं काढायला माणूस हवंच आहे."

"पिसं? मी? तुला नेम धरायला शिकवलं कुणी रे?"

"तूच. बरं बाई, ये. जमलं तर जागा तुझी. नाहीतर ती रूपर्टला देणार."

रूपर्ट म्हणजे माझा दीर. पन्नाशी उलटली तरी वात्रटपणा जात नाही. "काळजी नको वहिनी," तो लगेच म्हणाला, "तुझ्या जागेवर मी मऊ उशी घालून बसेन!"

तळपायाची आग मस्तकात गेली. दहा तास गाडी हाकून मी शहरात पोचले. दुकानदाराने आधी चांदीची नक्षी असलेली बंदूक पुढे केली.

"नक्षी काय हंसांना दाखवू?" मी विचारलं.

घरून नेलेला जाड कोट मी तिथेच चढवला आणि एकेक बंदूक खांद्याला लावून पाहिली. कोटावर दस्ता लांब पडला की नेम गेलाच म्हणून समजा. चौथी बसली. आपोआप भरणारी! बार काढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढचं आत. डाव्या हाताला फक्त आधार द्यायचा. धक्काही निम्मा. माझा परवाना तपासला, सह्या झाल्या.

गावाबाहेर डब्यांवर पंधरा बार काढले. सगळे लागले! सिंक्लेअरने बंदूक उलटसुलट करून पाहिली. "ताई, एक बार काढलास म्हणून ही थंड होत नाही. आत पुढचं काडतूस तयारच असतं. जुनीची सवय सोड."

"कळतंय रे, दीडशहाण्या!"

मे उजाडला आणि आम्ही तिघं निघालो. स्नोमोबाइलमागे बांधलेल्या घसरगाडीवर तंबू, पीठ, चहा आणि होडी. बर्फ फुटलंच तर होडी हवी. वाटेत दोनदा बर्फातल्या भेगा उड्या मारून ओलांडल्या. तिसरीला तीन तासांचा वळसा पडला! तंबू ठोकेपर्यंत माझा खांदा ठणकत होता.

आणि मग वाऱ्याने दगा दिला. दोन दिवस पानही हलेना. वारा पडलेला असताना बार काढला तर आवाज पार खाडीभर घुमतो आणि हंस तो किनाराच सोडून जातात. त्यामुळे सिंक्लेअरचा हुकूम एकच, "नाही." डोक्यावरून थव्यामागून थवे चालले होते आणि मी तंबूच्या आतबाहेर येरझारा घालत होते. बसवेना, झोपवेना. खाली बर्फ दिवसागणिक काळवंडत होतं. फार तर आणखी दोन दिवस तग धरणार होतं ते.

"वहिनी, तू चालूनच बर्फ फोडशील," रूपर्ट म्हणाला.

"तू गप बस. उशी आणलीस का?"

तिसऱ्या सकाळी तंबूचं कापड फडफडलं. वारा! सिंक्लेअर पलीकडच्या बेटावर गेला, मी आणि रूपर्ट टोकावर. तासाभराने रेडिओ खरखरला, "येतायत. काढा!"

नऊ हंस. खाली, अगदी खाली! मी सेफ्टीची कळ काढली, उठले. धाड! एक कोसळला. बाकीचे वाऱ्यावर वळून उंच गेले. पडलेला हंस मात्र पंख ओढत समुद्राकडे पळत सुटला. जखमी पाखरू टाकून देणं आमच्यात पाप. रूपर्ट पुढे धावला, बंदूक घेऊन मी मागे.

कड्कन आवाज झाला. रूपर्ट दिसेना!

मग काळ्या पाण्यात त्याचं डोकं वर आलं. हात काठावर, काठ मोडतोय, बुटांत पाणी. मी पोटावर पडले, सरपटत गेले, दस्ता धरला आणि नळी त्याच्याकडे सारली.

"धर! धर रे!"

त्याने धरली नाही. उलट अंग बाजूला ओढलं. "नळी फिरव, वहिनी!"

"अरे रिकामी आहे! मी मूठ कुठे ओढलीय?"

"मूठ आहेच कुठे तिला!" त्याचे दात वाजत होते. "तीन काडतुसं भरलीस, एकच उडवलंस!"

मी बंदुकीकडे पाहिलं. सेफ्टी उघडी, बोट चापापासून चार बोटांवर, आणि नळी त्याच्या छातीवर!

नळी उघड्या समुद्राकडे वळवली. काडतूस बाहेर काढायचा बाजूचा खटका मागे ओढला. एक जिवंत काडतूस बर्फावर पडलं. पुन्हा ओढला. दुसरं! आत बोट घालून पाहिलं. रिकामी. तेवढ्या वेळात तो दोनदा बुडून वर आला होता. आता दस्ता त्याच्याकडे केला, बंदुकीचा पट्टा फेकला. त्याने मनगटाला वेढा दिला, पाय झाडले. मी उजव्या हाताने, दातओठ खाऊन, मागे सरकत ओढलं. बर्फ मोडलं. आणखी ओढलं. आला! छातीपर्यंत, कमरेपर्यंत, सगळा आला!

तंबूत शेगडीजवळ त्याला कांबळ्यांत गुंडाळला. सिंक्लेअर धावत आला. "काय झालं?"

"काही नाही," रूपर्ट म्हणाला. "वहिनीने गळाला लावून मला काढला. मासा जरा मोठा निघाला!" आणि त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. बोलू नकोस म्हणून.

मला ते गिळवलं नाही. "भरलेल्या बंदुकीची नळी मी याच्या छातीला लावली होती," मी म्हटलं. "रिकामी समजून. तीस वर्षांची सवय हातातून गेलीच नाही. जागा रूपर्टला दे, सिंक्लेअर."

सिंक्लेअरने शेगडीत एक लाकूड सारलं. मग म्हणाला, "बरं." एवढंच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याचं चुकलं नव्हतं.

सकाळी वारा होता. रूपर्ट आपली जुनी बंदूक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "चल. हंसांना हाक कोण घालणार? माझा आवाज ऐकून बदकंसुद्धा हसतात."

रिकाम्या हातांनी मी त्याच्याशेजारी बसले. थवा लांबून चालला होता. मी तोंडाशी हात धरून हाक घातली. पुन्हा घातली. थवा वळला! रूपर्टने दोन बार काढले, दोन हंस पडले. बंदूक रिकामी करून त्याने खाली ठेवली आणि दात काढत माझ्याकडे वळला. "बघितलंस, वहिनी?"

मी त्याच्या कोटावरच्या बटणांकडे बघत होते. छातीपाशी एकेक बटण जागच्या जागी होतं. मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना.