डाव्या दाराचा पोचा

जाड काचेपलीकडच्या भट्टीत मगदुमांची पिवळी ‘टिटवी’ गाडी एकटीच उभी होती. चार माणसं अंग चोरून बसतील एवढीच ती. तिचं डावं पुढचं दार आत गेलं होतं आणि तिथून पार मागच्या दिव्यापर्यंत एक लांब ओरखडा उमटला होता.

अण्णासाहेब मगदूम हात मागे बांधून काचेशी उभे होते. जमीन मोजणीच्या खात्यात बत्तीस वर्षं काढलेला हा माणूस स्वतःच्या गाडीकडेही बांधाची हद्द बघावी तसाच बघत होता. गाडीची किल्ली अकरा दिवसांपासून मुलीच्या, पद्मजाच्या, पर्समध्ये होती. त्यांच्या मागे, भिंतीलगतच्या बाकावर त्यांच्या पत्नी इंदुमती मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या.

भांडण साधं होतं. अण्णा म्हणत, रस्ता ओलांडणाऱ्या बाईसाठी मी थांबलो होतो आणि गल्लीतून आलेल्या टेम्पोनं दारावर धडक दिली. टेम्पोवाला म्हणे, आजोबाच न बघता पुढे घुसले, एवढा लांब ओरखडा उभ्या गाडीला पडतो का? पद्मजाला टेम्पोवाल्याचं पटलं होतं. वडील एकाहत्तर वर्षांचे, तेव्हा पटायला वेळ लागला नाही. चूक अण्णांची निघाली तर गाडी चालवणं कायमचं बंद, असं ठरवूनच सगळे सांगलीबाहेरच्या या तापशाळेत आले होते.

"हा स्मृतिपत्रा आहे," डॉ. चारुलता उपाध्ये सांगू लागल्या. हा पत्रा घडवणाऱ्या चमूत त्या होत्या. "याच्यावर जे जे घडतं ते थरावर थर साठत जातं. तापवला की सगळ्यात वरचा थर आधी सुटतो. म्हणजे शेवटी घडलेलं सगळ्यात आधी पुसलं जातं, मग त्याच्या आधीचं. पार कारखान्यातून निघाला तेव्हाच्या आकारापर्यंत."

"आमच्यासारखंच की," अण्णा म्हणाले. "आमचंही कालचं आधी जातं."

भट्टी चालवणारा बाबालाल मुलाणी हसला. पूर्वी त्याचं मिरज रस्त्याला पोचे काढायचं दुकान होतं. हा पत्रा आला आणि हातोडीचं काम बसलं, तेव्हा तो इकडे नोकरीला लागला. "मॅडम, ते दिशेचं पन सांगा त्यांना," तो म्हणाला.

"दार म्हणजे गाडीची कूस," उपाध्येबाई म्हणाल्या. "गाडी चालती असताना धडक बसली तर पोचा लांबीला ओढला जातो. उभी असेल तर सरळ आत जातो. इथे पोचाही आहे आणि ओरखडाही. आधी काय झालं, एवढंच बघायचं."

"मोजणी होऊ द्या," अण्णा म्हणाले. "मोजणीला अपील नसतं." हे वाक्य त्यांनी शेकडो शेतकऱ्यांना ऐकवलं होतं. घरात तर ते रोजचं होतं.

बाबालालनं खटका दाबला. अडुसष्ट अंशांवर ओरखड्याचं मागच्या दिव्याकडचं टोक हललं आणि हळूहळू पुढे सरकू लागलं. मिटत मिटत तो दारापर्यंत आला आणि नाहीसा झाला. दारावर उरला फक्त एक गोल, खोल पोचा. कुठेही ओढल्याची खूण नाही.

"ओरखडा नंतरचा," उपाध्येबाई म्हणाल्या. "टेम्पो निसटताना घासत गेला. धडक बसली तेव्हा तुमची गाडी उभी होती."

पद्मजानं पर्स उघडली. "चुकलं माझं, अण्णा. तुमचं ऐकून तरी घ्यायला हवं होतं."

"ऐकायचं कशाला? मोजायचं," अण्णा म्हणाले, पण किल्ली घेताना त्यांचे डोळे भरून आले. खरं बोलूनही कुणी खरं मानत नाही, याचा त्यांना अकरा दिवस फार त्रास झाला होता. इंदुमतींनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

ऐंशी अंशांना पोचाही भरून आला. दार गुळगुळीत दिसू लागलं.

"झालं की," अण्णा म्हणाले.

"पूर्ण तापवायची असते. थोडं थांबा," उपाध्येबाई म्हणाल्या.

शहाण्णव अंशांवर दार थरथरलं आणि त्यावर ठोक्याच्या पातेल्यासारखे बारीक ठसे उमटले. बाबालाल पुढे झाला. "ही माझी हातोडी हाय," तो म्हणाला.

"या पत्र्याला हातोडी?" उपाध्येबाईंनी विचारलं.

"नऊ वर्षं झाली, मॅडम. खंडेनवमीच्या आदल्या सांजंला सर गाडी घेऊन आले. तुमच्या भट्टीला आठ दिवसांची रांग, आन् सकाळी गाडीची पूजा. पोचा पडलेल्या गाडीला हार कसा घालायचा? काढला ठोकून, वरनं घासून गुळगुळीत केला."

"ठोकून पोचा जात नाही. तो एक थर झाला, त्यावर हातोडीचा दुसरा. आता हातोडी पुसली जाईल आणि खालचा पोचा परत दिसेल."

"दिसू द्या," अण्णा मजेत म्हणाले. "आमच्या हिचा पराक्रम आहे तो. फाटकाच्या खांबाला घासली होती. तेव्हापासून मी हिच्या हाती गाडी दिली नाही."

एकशे चार अंशांवर ठसे विरले आणि त्याच दारावर, जरा खाली, दुसरा पोचा उघडला. गोल आणि खोल.

उपाध्येबाईंना या घरातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी भट्टीशेजारच्या पडद्यावर उमटलेली आलेखाची रेघ वाचली. "खांबाचा नाही हा. खांबाला घासलं तर दारावर लांब चर पडतो. हा सरळ आत गेलाय. गाडी काही आडवी चालत नाही. ही उभी होती आणि काहीतरी येऊन आदळलं."

अण्णांनी बाबालालकडे पाहिलं.

"मला तवाच वाटलं हुतं, सर," तो खाली बघत म्हणाला. "पन तुम्ही खांब म्हणालात. मी हातोडी घेतली."

"मंडईबाहेर उभी केली होती मी," इंदुमती म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "भाजी घेऊन आले तर हे असं. तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. एकदा नाही, त्या आठवड्यात रोज. त्यानंतर नऊ वर्षं त्या बहिणीकडे मिरजेला जायच्या तर अण्णांच्या सवडीनं जायच्या. दुसऱ्यांच्या हद्दी बोटाबोटानं मोजणाऱ्या माणसानं हा पोचा एकदा वाकूनसुद्धा पाहिला नव्हता. अण्णांना आपली इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"पुढे काय होईल?" इंदुमतींनी विचारलं.

"आणखी सहा अंशांनी हाही जाईल. दार कोरं होईल," उपाध्येबाई म्हणाल्या.

"आणि आत्ताच थांबवली तर?"

"तर तसाच राहील. गाडीला काही होत नाही त्यानं."

"मग थांबवा."

बाबालालनं अण्णांकडे न बघताच खटका ओढला. भट्टी गार होत गेली.

बऱ्याच वेळानं अण्णांनी किल्ली पुढे केली. इंदुमतींनी ती लगेच घेतली नाही. "लायसन संपलंय माझं," त्या म्हणाल्या.

"मी घेऊन जातो ना. उद्याच जाऊ," अण्णा म्हणाले.

"पण ते दार तेवढं नीट करून घेतलं असतं तर बरं दिसलं असतं," काचेतून दाराकडे बघत अण्णाच हळूच म्हणाले.

इंदुमतींनी किल्ली पिशवीत टाकली. "माझ्या बाजूनं दिसत नाही ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही आता डावीकडून चढणार. तुम्हाला दिसेल."